न चाखलेली खीर

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं घरातली शांतता मोडली. आमच्याकडं पित्राचा स्वयंपाक मुक्यानं करतात. चाखायचंही नाही, मीठ, गोडी सगळं वासावर ओळखायचं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, आमटीच्या वाफेवरून मीठ कळतं. आज माझ्या नवऱ्याचं, पृथ्वीराजचं, वर्षश्राद्ध. खीर माझ्याकडं होती, आणि मला बरेच दिवस कसलाच वास येत नव्हता.

कुणाला सांगितलं नव्हतं. नाक चोंदलेलं, गाल ठणकतात, वाकलं की कपाळात दगड सरकल्यासारखं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी समजून गोळ्या दिल्या. त्यांना खरं कसं सांगू? दाराशी कंपाउंडर माऊली उभा, आमच्याच निमोणे गावचा. एचआयव्हीच्या गोळ्या मी दौंडहून आणते. घरी सांगते, मावशीकडं चाललेय.

पृथ्वीराजनंही असंच लपवलं. तपासणी तिघांची झाली, आमची लेक वैष्णवी तेवढी त्यातून सुटली. त्यानं गोळ्या मधेच सोडल्या. मग नाक वाजायला लागलं, डोळा सुजला, दुखणं डोक्यात गेलं. आत्या अजून म्हणतात, सर्दीनं नेलं माझ्या लेकाला. हल्ली झोपेत तो सूं-सूं आवाज येतो आणि मी कूस वळते, जरा सरक म्हणायला. बाजू रिकामी असते. नाक माझंच वाजत असतं.

नैवेद्य पत्र्यावर ठेवला. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले.

"काय राहिलंय रं तुझं?" आत्या वर बघून म्हणाल्या. "पोरीला शिकविते म्या. ये की बाबा."

"रिंग द्या की साखरबाई," शेजारच्या गिताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "कावळंबी बिझी असत्यात आता."

"गप गं भवाने!"

मी हात जोडले. उद्या डॉक्टरांना सगळं सांगते, मनात म्हटलं, माऊलीला ऐकू दे नाहीतर गावाला. एक कावळा पानापर्यंत आला. मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं आणि उडून गेला.

आत्यांनी द्रोण उचलून नाकाशी धरला.

"अगं बया, खीर करपलीया! तुला वास आला न्हाई?"

"नाही, आत्या. बरेच दिवस येत नाही."

त्यांनी द्रोण खाली ठेवला.

"त्यालाबी येत न्हवता," त्या हळूच म्हणाल्या. "करपलेलं वाढलं तरी गपचीप जेवायचा." त्यांनी माझ्या डोळ्याखाली अंगठा दाबला. मी कळवळले. "दौंडला मावशी हाय का गं, खरंच?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग भिंतीला टेकून, आजाराचं नाव घेऊन, सगळं सांगितलं. त्याचं आणि माझंही. त्या जवळ सरकल्या. पदरानं आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"उद्या म्याबी येते दवाखान्यात. माऊलीला भाईर काढायचं माझ्याकडं लागलं. आन् तू डाक्टरला समदं सांगायचं, व्हय?"

"व्हय."

वैष्णवी उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. येऊन तिनं माझा हात धरला.

"आई, पप्पापण दवाखान्यात गेले होते ना?"