प्लायपलीकडचा प्रिंटर

प्रिंटर दुरुस्त झाला तर जोतीरामच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघू. धंद्याच्या हिशेबानं काहीच नाही, कारण बंद पडलेला प्रिंटर त्याचा नव्हताच. त्याचा स्वतःचा हाताशी होता, नवा होता आणि सकाळपासून लग्नपत्रिकांचे नमुने बिनतक्रार छापत होता. बंद पडला होता तो अमरसिंहचा, प्लायवूडच्या पलीकडचा. तो चालू व्हावा म्हणून जोतीरामनं ऐन लग्नसराईत हातातलं काम टाकून कॉम्प्युटरवाल्या वर्षाराणीला बोलावलं होतं.

राजारामपुरीतला हा गाळा पूर्वी एकच होता. जोतीराम मजकूर जुळवायचा, अमरसिंह छापायचा. सकाळी शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की जोतीराम कॉम्प्युटरवरून चाचणीचं एक पान सोडायचा. मागं मोठा प्रिंटर घरघरायचा.

"आलं का?" हा विचारायचा.

"आलं की," तो म्हणायचा.

मग चहा. रात्री झोप झाली का, घरी कुणाशी वाजलंय का, हे सगळं त्या दोन शब्दांच्या सुरावरून कळायचं. वेगळं विचारावं लागत नसे.

बिनसलं ते लिनक्सवरून. फुकट मिळतंय, व्हायरस लागत नाही, म्हणून जोतीरामनं भागीदाराला न विचारता कॉम्प्युटरची जुनी प्रणाली काढून ते चढवलं. शिरोळच्या एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावातली जोडाक्षरं फुटून चौकोन उमटले. मजकूर यानं तपासला नाही, छापताना त्यानं पाहिला नाही, आणि सगळा गठ्ठा वाया गेला. गिऱ्हाइकासमोर अमरसिंह म्हणाला, "फुकटच्या मालाचं असंच असतंय." जोतीराम भागीदारीत आला तेव्हा पैसा अमरसिंहचा होता, यानं नुसती अक्कल आणली होती. बोलणं लिनक्सबद्दल आहे असं त्याला काही केल्या वाटेना.

सुतार आला, मधे प्लाय उभं राहिलं. "तुझं लिनक्स तूच सांभाळ," म्हणून कॉम्प्युटर याच्याकडं, मोठा प्रिंटर त्याच्याकडं. इंटरनेटचा डबा तेवढा मागच्या भिंतीवर सामाईक राहिला, दोघांची यंत्रं त्यालाच जोडलेली. जोडणी तोडायला कंपनीत खेटे कोण घालणार, यावर दोघांचं न बोलता एकमत होतं.

पण लिनक्समधल्या प्रिंटरांच्या यादीत कुणी वाटणी केली नव्हती. तिथं जुना प्रिंटर आपला पहिल्या जागी बसून होता. वाटणीनंतरच्या सकाळी जोतीरामनं सवयीनं पान सोडलं आणि घरघर प्लायपलीकडून ऐकू आली. आता शिव्या येणार. आल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यानं पान सोडलं ते मात्र चुकून नव्हतं.

तेव्हापासून हे रोजचं झालं. पुढं नवा प्रिंटर घेतला, तरी पहिलं पान पलीकडंच जायचं. 'आलं की' कुणी म्हणत नव्हतं. पण तिकडं प्रिंटर चालू ठेवलेला असायचा, त्यात कागद भरलेला असायचा. माणूस चालू ठेवतो, कागद भरतो, म्हणजे त्याच्या मनात काही तरी शिल्लक असणार, असा जोतीरामचा अंदाज होता. तेवढ्या अंदाजावर तो दिवस काढत होता.

आणि गेल्या आठवड्यात सकाळची घरघर थांबली.

वर्षाराणी त्या भागातल्या दुकानांचे कॉम्प्युटर बघायची. तोंडानं फटकळ, कामाला चोख.

"काका, प्रिंटर चालतोय की. मला कशाला बलवलं?"

"त्यो न्हाय. यादीतला वरचा बघ."

तिनं छपाईची रांग उघडली. चाचणीची पानं एकामागं एक अडकून पडली होती. वर सूचना होती, प्रिंटर सापडत नाही.

"ह्यो हाय कुठं?"

जोतीरामनं हनुवटीनं प्लाय दाखवलं. तिनं प्लायकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"म्हंजे शेजाऱ्याचा दिवा लागंना म्हणून तुम्ही वायरमन बलवलाय."

"तू बघ की मुकाट्यानं."

तिनं त्या पत्त्यावर पिंग मारला. पिंग म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला मारलेली हाक. समोरचं जागं असलं तर ओ देतं. ओ आली नाही.

"त्यानं जोडणी काढून टाकली असंल?" जोतीरामनं आवाज धंद्याचा ठेवला होता, पण शेवटाला तो घसरलाच.

"बंद असंल, न्हायतर पत्ता बदलला असंल."

"मुद्दाम?"

"ते पिंग सांगत न्हाय, काका. मी बघून येतो."

ती पलीकडं गेली. जोतीरामनं आपला प्रिंटर मधेच थांबवला, पंखाही बंद केला. प्लाय पातळ होतं.

"अमरकाका, प्रिंटर बंद ठेवलाय व्हय?"

"बंद कशाला ठेवू? रोज उघडून पुसतोय. शाई बी नवी घातली."

"मग बिलं निघंनात व्हय?"

"बिलं निघत्यात."

"मग बिघाड कसला?"

पलीकडं प्रिंटरचं झाकण उघडून मिटल्याचा आवाज आला.

"सकाळचं येईना झालंय," अमरसिंह म्हणाला.

अलीकडं जोतीराम खुर्चीत बसला.

दोष कुणाचाच नव्हता. इंटरनेटवाल्यांनी भिंतीवरचा जुना डबा बदलून नवा लावला होता आणि नव्या डब्यानं प्रिंटरला नवा पत्ता दिला होता. अमरसिंहचा मोबाईल प्रिंटरला नावानं शोधायचा, त्याचं अडलं नाही. जोतीरामचं लिनक्स जुन्याच पत्त्यावर पानं पाठवत बसलं होतं. वर्षाराणीनं प्रिंटरला कायमचा पत्ता बांधून दिला, अलीकडं येऊन तो लिनक्समध्ये भरला आणि अडलेली रांग सोडली.

पलीकडं घरघर सुरू झाली. एक पान, दुसरं, तिसरं. मग खट्‌ करून थांबली.

"वर्षाराणी, सांग त्याला. कागद संपला," पलीकडून आवाज आला.

"सांगायला कशाला पायजे? मुंबैपतोर ऐकू गेलं," ती म्हणाली.

जोतीरामनं आपल्या गठ्ठ्यातले कागद काढले. दारातून गेला असता तर चार पावलं. तो गेला नाही. फरशी उंचसखल असल्यानं प्लायखाली बोटभर फट होती. गुडघ्यावर बसून त्यानं कागद थोडे थोडे करून त्या फटीतून सरकवले. पलीकडून ते कुणी तरी ओढून घेत होतं. घेणाराही खाली बसला असणार, नाही तर हात पोचला नसता.

प्रिंटर पुन्हा घरघरला.

"आलं का?" जोतीरामनं प्लायला विचारलं.

पलीकडं पान उचलल्याचा आवाज झाला.

"आलं."

'की' तेवढी बाकी राहिली.

झाल्या व्यवहारात कागद जोतीरामचा गेला, शाई अमरसिंहची गेली. वर्षाराणीनं मजुरी मागितली तेव्हा जोतीराम म्हणाला, "प्रिंटर त्याचा, त्याच्याकडनं घे." अमरसिंह म्हणाला, "बलवलं त्यानं, त्याच्याकडनं घे." प्लाय उभं राहिल्यापासून दोघांचं बोलून एकमत झालं ते या एका गोष्टीवर, आणि त्याचा खर्च सोसला वर्षाराणीनं.