अंबडच्या गाळ्यातला ‘घाट’

बुद्धभूषणने नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यातली इलेक्ट्रिक पॅनल जोडायची नोकरी सोडली, तेव्हा घरच्यांनी अबोला धरला. त्याने आणि कॉलेजातल्या मैत्रिणीने, वैष्णवीने, तिथंच एक गाळा भाड्याने घेऊन गेम बनवायला सुरुवात केली. मोबाइलवरचे नाही, मॉलमधल्या मोठ्या मशिनवर खेळायचे. मशीन तो बांधायचा, प्रोग्रॅम ती लिहायची.

पहिला गेम ‘घाट’. माणसांनी खच्चून भरलेली जीप घाट उतरवायची. स्टिअरिंग एकाकडे, ब्रेक आणि गिअर दुसऱ्याकडे. शेजारच्या वर्कशॉपमधले कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन खेळायचे आणि एकमेकांवर खेकसायचे.

“आरं दाब की ब्रेक, वळण लय जवळ आलंय.”

ते ऐकून वैष्णवीला वाटायचं, जमलं आपल्याला.

शहरातल्या एका गेम झोनने तीन मशिनं ठेवून घेतली. रविवारी गर्दी व्हायची. एरवी मुलं एकेकटी यायची, स्टिअरिंग फिरवून बघायची आणि पुढच्या मशिनकडे वळायची. तिथला मॅनेजर समाधान भला माणूस होता. तो म्हणाला, “एकट्याला खेळता येईल असं करा. नाहीतर मला जागा मोकळी करावी लागेल.”

“मग त्यात उरलं काय?” बुद्धभूषण म्हणाला.

वैष्णवीने त्याला न सांगता खपून प्रोग्रॅम बदलला. ब्रेक आणि गिअर आता मशीनच सांभाळायचं. मग तिने त्याला स्टिअरिंगवर बसवलं. जीप कुठेही न आपटता खाली पोचली.

“चांगलं झालंय,” तो म्हणाला. “पण मी शिव्या कुणाला घालू?”

वैष्णवी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तरीही बदललेला गेम मशिनांत बसवायला तोच गेला. पण तोवर गेम झोनच्या मालकाने त्या जागेसाठी पंजाने बक्षिसं उचलायची मशिनं मागवली होती. समाधान खाली बघत तेवढं सांगू शकला. ‘घाट’ टेम्पोत चढवताना त्याने स्वतः हात लावला.

दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. गाळा रिकामा करताना वैष्णवीने विचारलं, “मी आधीच बदललं असतं, तर टिकलो असतो का?”

“थोडे दिवस,” तो म्हणाला. “आणि मी रोज तुझ्याशी भांडलो असतो.”

वैष्णवी पुण्याला मोबाइल गेमच्या कंपनीत लागली. बुद्धभूषण परत पॅनल जोडू लागला. मागच्या महिन्यात ती नाशिक रोडला उतरली, तेव्हा तो घ्यायला आला होता. स्टेशनबाहेर चहा घेताना तो म्हणाला, “एक नवीन सुचलंय.”

“किती माणसं लागतात?”

“चार.”

तिने कप खाली ठेवला. “सांग.”