लेकीचा घास

धक्क्याच्या टोकाशी पाणी हललं. एक बुडबुडा आला, मागोमाग दुसरा, मग तिसरा, आणि काठावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या शंभरेक माणसांनी रोखून धरलेला श्वास एकदम सोडला.

"होकार!" तळेबाबा गरजला. "तळं हो म्हणतंय! विज्ञान जिथे दमून बसतं, तिथे पाणी बोलायला लागतं! शून्यातून बुडबुडा, बुडबुड्यातून बोध!"

कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. एका निवृत्त कारकुनाने तर खाली बसून फळीला डोकं टेकवलं.

डोंगरातल्या त्या जंगलात, तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत, माणसं पूर्वी सुट्टी घालवायला येत. तंबू ठोकावेत, पोहावं, शेकोटीत बटाटे भाजावेत आणि अंगाला धुराचा वास घेऊन घरी जावं, एवढाच कार्यक्रम. आता तंबूंची तोंडं धक्क्याकडे वळली होती. तीन बुडबुडे म्हणजे होकार. एक म्हणजे नकार. दोन आले तर विचारणाऱ्याची श्रद्धा पातळ आहे, त्याने मुक्काम वाढवावा. तंबू तळेबाबाचे, सरपण तळेबाबाचं, त्यामुळे श्रद्धा पातळ निघणाऱ्यांचं प्रमाण बरंच होतं.

तळेबाबा आभाळातून पडलेला नव्हता. दोन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत तो इथेच होड्या भाड्याने द्यायचा आणि वल्हं मोडलं की गिऱ्हाइकाशी भांडायचा. आता पायघोळ कफनी घालून तो धक्क्याच्या अगदी शेवटच्या फळीवर उभा राही. त्याचे नियम दोनच होते. जेवणापूर्वी प्रत्येकाने तळ्याला घास द्यायचा, आणि तोही धक्क्याच्या टोकावरूनच. टोकाजवळ काडी ओढायची नाही, दिवा आणायचा नाही, कारण तळ्याला आगीचं वावडं. तिथे थोडी घाण सुटायची, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ अत्तर शिंपडायचा आणि त्याला पावित्र्याचा गंध म्हणायचा.

गर्दीच्या मागे एक प्लंबर उभा होता. त्याचं लक्ष पाण्याकडे नव्हतं, बायकोकडे होतं.

बायको पुढे होती. हातात एक छोटी, कडेला टवका उडालेली ताटली. त्यात भात, अर्धं उकडलेलं अंडं आणि साल काढलेली काकडी, कारण लेकीला साल आवडायची नाही. लेक नऊ वर्षांची होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी याच तळ्यात ती बुडाली. बाप तेव्हा तंबूबाहेर बसून स्टोव्हचं चोंदलेलं भोक सुईने साफ करत होता आणि आई कांदा चिरत होती. दोघांनाही वाटलं होतं, पोरीकडे दुसऱ्याचं लक्ष आहे. एवढीच चूक. अशी चूक घरोघरी दिवसातून दहादा होते आणि काही बिघडत नाही.

त्यानंतर वर्षभर बायको जेवलीच नाही म्हटलं तरी चालेल. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. मग गेल्या उन्हाळ्यात तिनेच हट्ट धरला, "मला तिथे घेऊन चला." इथे आल्यावर तळेबाबा तिच्याकडे बघून म्हणाला, "पिवळी टोपी घातलेलं एक लेकरू आईला हाक मारतंय." बायको मटकन खाली बसली. टोपी खरंच पिवळी होती. ते त्याला ठाऊक असणारच, लेकीला त्याच्याच होडीतून काठावर आणलं होतं. पण दुःखात बुडालेलं माणूस असे हिशेब करत नाही.

त्या संध्याकाळी बायको पोटभर जेवली. रात्रभर झोपली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी धुताना तिचं पातेलं पाण्यात पडलं. ते काढायला प्लंबर धक्क्याखाली शिरला आणि त्याला एक इंची लोखंडी पाइप दिसला. वरचं टोक शेवटच्या फळीला खालून जोडलेलं, खालचं टोक चिखलात. पाइपात आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. त्याने पायाने चाचपलं. चिखलात पाइपाच्या टोकाला थाळीएवढा पत्रा होता. फळी दाबली की पत्रा चिखल दाबणार आणि चिखलात कोंडलेला वायू वर येणार. तुंबलेली गटारं उपसताना असे बुडबुडे त्याने हजारदा पाहिले होते. त्यांना कधी कुणी प्रश्न विचारले नव्हते.

तो पातेलं घेऊन वर आला. बायको गुणगुणत कपडे वाळत घालत होती. वर्षभरात पहिल्यांदा गुणगुणत होती. प्लंबरने तोंड मिटलं, ते आज वर्ष झालं तरी मिटलेलंच होतं. तेव्हापासून दर सुट्टीला ती त्याला इथे घेऊन यायची, आणि घरीही आधी लेकीची ताटली वाढायची.

त्याला वाटायचं, कुणाचं काय जातंय? एका आईला चार बुडबुड्यांचा आधार मिळतोय, मिळू दे.

आज त्याला कळलं कुणाचं काय जातंय ते.

दुपारी एक तरुण शिंपीण आणि तिचा ड्रायव्हर नवरा गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. दोन दिवस ताप, पोटात उजवीकडे खाली हात लावू देत नव्हती. खालच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आतडं सुजलंय. आजच्या आज शहरात न्या, ऑपरेशन लागेल." आईची पाचावर धारण बसली होती. इवल्याशा पोटावर सुरी, या विचारानेच ती गाडी उलट्या दिशेला वळवायला लावून डोंगर चढून आली होती.

"आधी शहरात गेलो असतो," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

"गप्प बसा हो तुम्ही," शिंपीण म्हणाली आणि रडायला लागली.

प्लंबरच्या बायकोने तिला जवळ घेतलं. "रडू नकोस गं. माझी लेक आहे ना इथे. तिला विचारू आपण. माझी लेक कधी खोटं बोलत नाही."

मागे उभा प्लंबर एक पाऊल पुढे सरकला.

तळेबाबाने हात वर केले. "हे तळ्या! या बाळाच्या देहातल्या लहरी तुझ्या लहरींशी जुळू देत! सुरीवाचून बाळ बरं होईल का?"

कफनी किंचित हलली. एक बुडबुडा. दोन. तीन.

"होकार! तीन दिवस इथे राहा, पाणी पाजा, दुसरं काही नाही!"

शिंपिणीने लेकीला घट्ट धरलं. लेक कळवळली. प्लंबरची बायको हसऱ्या डोळ्यांनी मागे वळून नवऱ्याला शोधत होती. 'बघितलंत, आपली लेक कशी कामाला येते,' असं ते डोळे म्हणत होते. ते डोळे बघून त्याने मनात हिशेब केला. आता बोललो तर हिची लेक दुसऱ्यांदा जाणार. नाही बोललो तर त्या बाईची पहिल्यांदा.

तो गर्दीतून वाट काढत धक्क्यावर गेला.

"बाबा, जरा बाजूला व्हा."

"का रे?"

"मलाही विचारायचंय. तुम्ही तिकडे उभे राहा, काठावर. तळं बोलतंय ना? मग तुमची गरज काय?"

"ही जागा सिद्ध आहे! तिथे अपात्र माणसाचा पाय..."

"फळी आहे ती. चार खिळ्यांची जागा, दोनच मारलेत तुम्ही."

ड्रायव्हर पुढे आला. बराच वेळ कुणावर तरी चिडायचं त्याच्या मनात होतं. त्याने बाबाचा दंड धरून त्याला बाजूला केलं. "विचारू दे की त्यांना."

"आता तुम्हीच विचारा, तोच प्रश्न," प्लंबर म्हणाला. त्याने स्वतःही फळीवर पाय ठेवला नव्हता.

ड्रायव्हरने विचारलं. पाणी ढिम्म. पुन्हा विचारलं. एक पान तरंगत आलं आणि तरंगत गेलं.

"तळं रुसलंय!" बाबा ओरडला.

"थांबा, रुसवा काढतो." प्लंबर फळीवर उभा राहिला. "तळ्या, मी या बाबांचा आजोबा आहे का?" त्याने टाच दाबली, तीनदा. तीन गुबगुबीत बुडबुडे वर आले. "होकार. नातवा, पाया पड."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा कुणी ओरडला, "हा तळ्याचा अपमान आहे!"

"तळ्याचा कसला अपमान? ते बिचारं कधी काही बोललंच नाही." त्याने कमरेची पकड काढून फळी उचकटली. तिला खालून जोडलेला पाइप सोडवला. त्याने दोन्ही हातांनी तो ओढला, तशी घाण दरवळली आणि पत्र्याला लगडून काळा चिखल वर आला. त्यात भाताची शितं होती, अंड्यांची टरफलं होती, कुजलेल्या पावाचा लगदा होता. "हे तुमचे घास. रोज शंभर माणसं इथेच टाकतात. ते तळाशी कुजतात, त्यांचा वायू होतो. चिखल दाबला की तो वर येतो. आता कुणीतरी झाकणाची एक बरणी द्या."

कुणीतरी दिलेली बरणी पाण्याने भरून त्याने ती पाण्यातच उलटी धरली आणि पाइपाने तळ ढवळला. बुडबुडे बरणीत शिरले, पाणी खाली उतरलं. झाकण लावून त्याने ती काठावर आणली, उघडली आणि काडी ओढली. भक्कन निळसर ज्योत उठली आणि विझली.

"म्हणून आगीचं वावडं," तो म्हणाला. मग शिंपिणीसमोर उकिडवा बसला. "ताई, सुरीला घाबरता ते बरोबर आहे. मीही घाबरलो असतो. पण ज्या बाईंनी लेकीच्या पोटाला हात लावून सांगितलं, त्यांचं ऐका. चिखलाचं ऐकू नका. निघा."

शिंपिणीने तळेबाबाकडे पाहिलं, मग चिखलातल्या शितांकडे. "गाडी काढा हो," ती नवऱ्याला म्हणाली. ड्रायव्हरने प्लंबरचा नंबर घेतला आणि गाडी धूळ उडवत उतारावरून गेली. गर्दीचं लक्ष पुन्हा धक्क्याकडे वळलं तेव्हा तळेबाबा नव्हता. घाईत अडखळून गळालेली त्याची एक चप्पल तेवढी वाटेत पडली होती.

प्लंबरची बायको अजून तिथेच उभी होती. ती त्या पत्र्यावरच्या चिखलाकडे बघत होती. त्यात काकडीची एक फोड होती. साल काढलेली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षी. दुसऱ्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत."

"तू जेवायला लागली होतीस गं."

ती तिथून वळली. तंबूत गेली आणि तोंड दुसरीकडे करून पडून राहिली. बाहेर बसून त्याने तिचं रडणं ऐकलं. पहिल्या वर्षीसारखंच होतं ते. आपण बरोबर केलं की नाही, हे त्याला बराच वेळ कळेना. त्याला एवढंच कळत होतं की वर्षापूर्वी सांगितलं असतं तर हे रडणं एव्हाना थोडं कमी झालं असतं. ते त्याने दया म्हणून लांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. सर्जन म्हणाले, आणखी काही तासांत आतडं फुटलं असतं. पोर शुद्धीवर आली होती आणि पाणी मागत होती.

प्लंबरने तंबूच्या दाराशी जाऊन बायकोला सांगितलं. मग आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

बायको टवका उडालेली ताटली घेऊन बाहेर आली. भात, अर्धं अंडं, साल काढलेली काकडी. धक्क्यावर अजूनही चारपाच जण ताटं घेऊन उभे होते. सवय अशी एका दिवसात सुटत नाही. ती त्यांच्यापर्यंत गेली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"टाकू नका पाण्यात. माझी लेक तिथे नाही. ती गेली. मी रोज तिला जेवू घालत होते, आणि त्या अन्नाने काल दुसऱ्या कुणाची लेक गेली असती. हात जोडते. घास द्यायचा तर जिवंत माणसाला द्या. विचारायचं तर ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा."

निवृत्त कारकुनाने आपलं ताट खाली घेतलं. बाकीचे चुळबुळत उभे राहिले.

ती परत आली आणि ताटली नवऱ्याच्या हातात ठेवली.

"खा," ती म्हणाली. "वर्षभर मी आधी तिला वाढत होते."

त्याने पहिला घास तोंडात घातला. ती समोर बसून बघत होती, म्हणून त्याने तो गिळला.