ठिपक्याची साक्ष

शहाण्या माणसाने गाढवपणा करायचा ठरवला, की तोही तो पुराव्यानिशी करतो. या भावाचंच बघा ना. फोनवरून माणसाची जागा शोधणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. मोकळ्यावर फोन उपग्रहांना विचारतो. घरात, भिंतींआड, उपग्रह काही ऐकू येत नाहीत. तिथे जवळपासच्या वायफायच्या डब्यांवरून जागा ठरते. कुठला डबा कुठल्या घरात, याची भलीमोठी यादीच असते. दोन्हींची सांगड घालून नकाशावर निळा ठिपका पाडायचा, हे त्याचं काम.

आई गेली त्या दुपारी तो परगावी होता आणि ताई आईजवळ. त्याने ताईला सात फोन केले, तिने एकही उचलला नाही. मग ताईचा फोन कुठे आहे ते बघायला नकाशा उघडला. ठिपका ताईच्या स्वतःच्या घरी, म्हणजे आईपासून चांगला अर्ध्या तासाच्या अंतरावर!

संध्याकाळी तो पोचला, तेव्हा ताई म्हणाली, "उशाशीच बसले होते रे. आई झोपलेली, म्हणून फोनचा आवाज बंद केला. जरा माझाही डोळा लागला, आणि बघते तर..."

मावशी, मामा, शेजारीपाजारी, सगळ्यांदेखत त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. "खोटं बोलू नकोस. आईला एकटीला टाकून तू घरी गेली होतीस."

ताई नुसती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. गप्प बसली म्हणजे कबूल, असा सोयीचा अर्थ याने लावला आणि दोन वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही.

परवा ऑफिसात एका दुकानदाराची तक्रार आली. दुकान हलवून महिना झाला, तरी आत पाऊल टाकलं की ठिपका जुन्याच गल्लीत. याने हसत हसत उत्तर लिहायला घेतलं: 'आपण वायफायचा डबा सोबत नेला असणार. आमच्या यादीत त्याचा पत्ता अजून जुनाच...' आणि त्याचा हात तिथेच थांबला.

शेवटच्या आठवड्यात आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "आता कसा स्वच्छ दिसतोस रे! सारखा अडकायचास ना, म्हणून ताईने तिच्या घरचा डबा आणून इथे लावलाय."

यावर हा काय म्हणाला? "अरे वा." मेल्या, एवढं शिकलास कशाला?

तो तडक ताईकडे गेला. दार तिनेच उघडलं. दोन वर्षांत केस पार पिकले होते. दारातच, अडखळत, त्याने सगळं सांगून टाकलं. "चुकलो गं ताई. ठिपका खोटा होता."

तिने ओरडावं, एक ठेवून द्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती दाराला धरून हळूच खाली बसली.

"सगळे म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल? मग मलाही वाटायला लागलं, गेले असेन बाई घरी, डोकं ठिकाणावर नसेल. किती आठवून बघितलं." तिने त्याचा हात घट्ट धरला. "म्हणजे मी होते ना रे आईजवळ?"