पिसाचं नख

गोजरआत्याच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं तेव्हा घरात कुणी फार हळहळलं नाही. नखुरडं झालं, पिकलं, नख गळून पडलं. येईल परत, म्हणाले सगळे. आत्या मात्र दोन दिवस नीट जेवली नाही, कारण तिचं सगळं काम त्या नखावर होतं.

१९९४ चा ऑगस्ट होता. कुंभार पिंपळगावात बद्रीनाथ मालकांच्या शेतात संकरित कपाशीचा सीड प्लॉट होता आणि आत्या तिथे क्रॉसिंगला जायची. दुपारनंतर मादी झाडांवरच्या, उद्या उमलतील अशा कळ्या शोधायच्या. कळीच्या बुडाशी अंगठ्याचं नख घालून गोल फिरवायचं, की पाकळ्या आणि पुंकेसर टोपीसारखे अलगद निघून येतात. आत उरतं इवलंसं कोवळं बोंड. त्यावर लाल कागदाची पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर घासायचं. नख जरासं खोल गेलं, बोंडाला ओरखडा पडला, की ते चार दिवसांत गळून जातं. बाया या कामासाठी नख वाढवतात आणि जिवापाड जपतात.

मालकांनी आत्याला सांगून टाकलं होतं, "पुढल्या सोमवारपर्यंत वाट पाहतो, गोजरबाई. मंग तुमच्या ओळी दुसरीला द्याव्या लागतील. फुलं काय कुणासाठी थांबत न्हाईत." म्हणजे पूर्ण हंगाम हातचा जाणार. दीड महिना सलग मिळणारं असं दुसरं काम गावात नव्हतं.

मी तेव्हा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, अप्पाराव शेठच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला होते. आमच्या वस्तीतली डिप्लोमा केलेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. रविवारी गावी येऊन आत्याचा अंगठा पाहिला आणि म्हटलं, "रडतेस काय? आठ दिवसांत तुला नवं नख करून देते."

तंत्रनिकेतनात आमच्या सरांनी फळ्यावर पायऱ्या काढून शिकवलं होतं: आधी गरज लिहा, मग ड्रॉइंग, मग गिऱ्हाइकाची मंजुरी, मग माल. एक पायरी पक्की झाल्याशिवाय खालची उतरायची नाही आणि उतरल्यावर परत चढायचं नाही. मला ही रीत फार आवडायची. आमच्याकडे भिंतसुद्धा विटा संपतील तिथपर्यंतच बांधत, त्यामुळे आधी सगळं ठरवून करता येतं याचंच मला अप्रूप होतं.

मी व्हर्नियर लावून आत्याचा अंगठा मोजला. तीन बाजूंनी ड्रॉइंग काढलं, पितळेची टोपी आणि तिला पुढे नख. खाली "मंजूर" असं लिहून आत्याचा डावा अंगठासुद्धा उठवून घेतला. वसंता मिस्त्री आमच्याकडचे जुने टर्नर. ड्रॉइंग पाहून ते म्हणाले, "ताई, आधी डब्याच्या पत्र्याचं एक कापून देऊ का? घालून पाहतील त्या." मी फणकारले, "मिस्त्री, मापं दिलीत ना? तेवढं बराबर करा." चार दिवस खपून त्यांनी टोपी केली, इतकी देखणी की अप्पाराव शेठनीही हातात घेऊन फिरवून पाहिली.

पुढच्या रविवारी मी ती घेऊन गावी गेले. आत्याने टोपी घातली, कौतुक केलं, शेजारच्या कौसल्येला बोलावून दाखवली. मग आम्ही घरामागच्या तुकड्यात गेलो. तिथे आत्याची चार ओळी साधी कपाशी होती. पहिली कळी तिने सोलली आणि बोंडाला चीर. दुसरी कळी, पुन्हा चीर. पाचवीला बोंडच तुटून हातात आलं. आत्याच्या कपाळावर घाम आला होता, कारण दुखऱ्या अंगठ्यावर टोपी दाबत होती.

"नख असलं की आत कुठं थांबायचं ते कळतं," ती हळूच म्हणाली. "ह्याला काही कळून न्हाई राह्यलं."

मी भडकलेच. "मग ड्रॉइंग दाखवलं तेव्हा का नाही बोललीस? अंगठा कशाला दिलास?"

"अगं, कागद पुढं आला की अंगठा द्यायचा असतो," आत्या म्हणाली. "बोलायचं असतं, हे मला कुणी कधी सांगितलं?"

मला लाज वाटली. तिचा अंगठा मी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजला होता, आणि कळी कशी सोलतेस एवढं विचारलं नव्हतं. मीसुद्धा तिच्यापुढे कागद सरकवणारीच झाले होते.

हातात तीच दुपार आणि सोमवारची सकाळ उरली होती. मी बांधावर बसले आणि समोरच्या झाडांकडे पाहताना प्रथमच नीट विचार केला. वर्कशॉपात रोलिंग मिलचा शाफ्ट चुकला तर महिना जातो. तिथे सरांच्या पायऱ्याच हव्यात. इथे चुकलं तर काय जातं? एक कळी. आणि झाडावर शेकडो होत्या. इथे न चुकण्याचा हट्ट धरून मी आठवडा घालवला होता.

"आत्या, कात्री दे. घरात काय काय चिवट वस्तू आहेत तेही सांग."

आधी पत्रा कापला. तो टोपीहून वाईट. कंगव्याचा दात वाकेचना. बांबूची कामटी चांगली चालली, पण तिसऱ्या कळीला तिची कुसळं निघाली. प्रत्येक वेळी आत्या एक कळी सोलायची आणि मी विचारायचे, "कुठे अडलं?" सुरुवातीला ती "बरं हाय की" म्हणायची. चौथ्या-पाचव्या वेळेपासून "टोक जाड हाय" म्हणू लागली. पुढे तर "हे बिलकुल न्हाई जमत, फेक," असं तोडून टाकायला लागली. मला तेव्हा इतकी मजा वाटत होती की सोमवार डोक्यावर आहे हेही मी विसरले.

कौसल्या बांधावर बसून हसत होती. तिच्याच कोंबड्याचं एक पीस तिथे पडलं होतं. त्याचा जाड देठ मी उभा चिरला आणि बोरूसारखं टोक काढलं. तो नखासारखाच वाकत होता. सायकलच्या ट्यूबची रिंग कापून अंगठ्यावर बसवायला गेले, तर आत्याने हात मागे घेतला.

"थांब. अंगठा दुखतो. ह्या बोटाला लाव," म्हणून तिने तर्जनी पुढे केली.

ते मोजमाप माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं. बोटाला सवय नव्हती, म्हणून पहिल्या दहा कळ्या वाया गेल्या. अकरावी सुटली, बोंडाला एक ओरखडा नाही. दिवस मावळेपर्यंत ती सोलत राहिली, आणि सकाळी ऊन वर येईपर्यंत पुन्हा.

सोमवारी दुपारी मी कामावर दांडी मारून तिच्याबरोबर प्लॉटवर गेले. मालक मागे उभं राहून पाहत होते. आत्याने बेचाळीस कळ्या सोलल्या, नेहमीपेक्षा सावकाश. त्यांनी एकेक वाकून पाहिली आणि ते खूश झाले.

"तुमच्या ओळी तुमच्याच," ते म्हणाले. "अन् पोरी, उद्या समद्या बायांना असली नखं दे. काम जल्दी उरकंल."

मी तोंडभर "हो" म्हणणार, तेवढ्यात आत्या मधे बोलली.

"न्हाई, मालक."

तिने मालकांना नाही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मालकांनीही नसावं.

"आज चांगल्या दिसून राह्यल्या, पण बोंड गळतं चौथ्या दिवशी," आत्या म्हणाली. "माझ्या ओळीत गळली तर माझ्या ओळी काढून घ्या. समद्यांची गळली तर अख्खा प्लॉट जाईल. पाच दिस थांबा."

मालकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पाच दिस," ते म्हणाले, आणि बांधाने निघून गेले.

ते पाच दिवस मी जालन्यात कसे काढले ते माझं मला माहीत. शनिवारी सुट्टी घेऊन आले तर आत्या प्लॉटच्या तोंडाशीच उभी होती. बेचाळीसपैकी एकोणचाळीस बोंडं टिकली होती. मालकांनी सकाळीच पाहून हंगामभर या म्हणून सांगितलं होतं. मला रडू आलं, पण आत्याला त्याचं काही नव्हतं. तिने माझा हात धरून मला ओळीत ओढत नेलं, पदराच्या गाठीतून गळलेली तीन बोंडं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ती एकोणचाळीस मंग बघ," ती म्हणाली. "ही तीन का गळली, ते आधी सांग."