टाकीची शिट्टी

तेलाचा टँकर गल्लीत वळला आणि नॉर्मांद खिडकीपासून मागे सरली. भर दुपारी! सगळी गल्ली घरात असताना! या टँकरवाल्या रेनोला दुसरी वेळच मिळाली नाही मेल्याला.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या वरच्या टोकाला, जिथे नदीपलीकडे कॅनडा दिसतो, घरोघरी तळघरात भट्टीच्या तेलाची टाकी असते. टँकरचा पाइप लावला की आतली हवा बाहेर पडताना शिट्टी वाजते, टाकी भरली की थांबते. लवकर थांबली तर घर खाऊनपिऊन सुखी. वाजतच राहिली तर टाकीचा तळ दिसत होता, हे पार कोपऱ्यापर्यंत कळतं. समोरचा ओनेझिम तर रविवारी चर्चच्या पायरीवर सांगायचा, "अमक्याकडे काय वाजली! मला वाटलं, आगगाडीच आली."

आणि नॉर्मांद कोण? तर एकोणीस हिवाळे चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून लोकांचे तेलाच्या सरकारी मदतीचे अर्ज भरून देणारी बाई. "लाज कसली? हक्काचं आहे," असं शंभरदा म्हणणारी. पण नवरा गेला, त्याच्यामागे त्याची पेन्शन गेली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! नोव्हेंबरपासून ती पंपावरून डिझेलचे कॅन आणत होती, डिकीत घोंगडीखाली लपवून. भट्टीला तेही चालतं. नरसाळ्याने हळूहळू ओतलं की टाकी चूं करत नाही. स्वयंपाकघर तेवढं गरम, बाकी दारं बंद. जानेवारीत कॅनसकट बर्फावर आपटली, मनगट सुजलं, तेव्हा कुठे बाईंनी स्वतःचा अर्ज भरला. त्याचंच तेल आज आलं होतं.

ती धावत बाहेर गेली. "रेनो, जरा हळू सोड ना तेल. शिट्टी बारीक वाजेल."

"मावशी, ते काय माझ्या हातात आहे? शिट्टी ऐकूनच मी थांबतो. नाहीतर तुमच्या तळघरात तेलाचा तलाव होईल."

"होऊ दे मेल्या. अब्रू तरी वाचेल."

रेनो हसला आणि त्याने पाइप लावला. शिट्टी वाजली. वाजली, वाजली, वाजतच राहिली. नॉर्मांद आत येऊन खुर्चीत बसली आणि तिने कानांवर उशी दाबली. संपलं, म्हणाली, आता रविवारी तोंड कुठे लपवायचं?

टँकर गेला. भट्टी धडधडू लागली. का कोण जाणे, तिला उठावंसं वाटलं. तिने झोपायच्या खोलीचं दार उघडलं, मग बैठकीचं. पायांना ऊब लागली आणि तिला इतकं बरं वाटलं की स्वतःचाच राग आला. इतके महिने कशासाठी कुडकुडलो आपण?

तेवढ्यात दार वाजलं. ओनेझिम उभा होता, दोन टोप्या एकावर एक घालून.

"ये, बोल एकदाचं," ती म्हणाली. "आगगाडी होती की जहाज?"

तो आत आला. थट्टा नाही, काही नाही. "नॉर्मांद, एवढी रिकामी टाकी, म्हणजे मदतीचंच तेल ना? तुझ्यासारखीलासुद्धा मिळतं ते?"

"मिळतं. का?"

"मग माझाही लिही."

मग तिने खणातून अर्ज काढला. नाव विचारायची गरजच नव्हती. "किती खोल्या गरम ठेवतोस?"

ओनेझिमने टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. "एकही नाही. ऊन असेल तोवर खिडकीशी बसतो. मग अंथरुणात."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"गाढवा!" नॉर्मांदचा आवाज फाटला. "चाळीस वर्षं समोर राहतोस, हॉलमध्ये मी दर मंगळवारी बसते, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तिला हसू फुटलं, मग त्यालाही, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तिने त्याची खुर्ची गरम हवेच्या जाळीजवळ ओढली, सही कुठे करायची ते दाखवलं आणि कुट्टूच्या धिरड्यांचं पीठ कालवायला घेतलं.

"तुझ्या टाकीत तेल पडेपर्यंत जेवायला इकडे यायचं," ती म्हणाली. "आणि झोपायलाही. बैठकीत कोच आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," नॉर्मांद म्हणाली आणि तिने तवा चुलीवर ठेवला.