थोरलीचं शेवटचं मागणं

दुःख माणसाला देवाजवळ नेतं, असं सगळे संत सांगून गेले आहेत. धाकट्या सिस्टरच्या बाबतीत ते उजव्या खांद्यापर्यंत आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

धाकटी म्हणजे वयाने धाकटी नव्हे. तिची पन्नाशी कधीच उलटली होती. पण तिच्यानंतर त्या मठात नवीन कुणी आलंच नाही, त्यामुळे ती शेंडेफळासारखी कायमची धाकटी राहिली. एके काळी भोजनगृहात बाकं कमी पडत. आता पाच जणी एका टोकाला बसून जेवत आणि उरलेल्या बाकांवरची धूळ पाळीपाळीने पुसत.

मठाचं पोट चाले ते चकत्यांवर. मिस्साच्या वेळी भाविकांच्या जिभेवर ठेवतात ती पांढरी, कागदासारखी पातळ चकती. आसपासच्या चर्चना ती इथून जाई. रीत सोपी होती. मैदा आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्ट नाही, फुगायची मुभा तिथे कुणालाच नव्हती, पिठालाही नाही. पातळ पीठ तापलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं, वरचं झाकण दांड्याने ओढून दाबून धरायचं, वाफेचा फूत्कार थांबला की दांडा वर उचलायचा. आत कोरा पांढरा पापुद्रा तयार. असे पापुद्रे दमट कपाटात ठेवायचे, म्हणजे तडकत नाहीत, आणि मग त्यांतून चकत्या कापायच्या. कापायचं काम थोरल्या सिस्टरकडे होतं. ती खिडकीजवळ बसून कापी. साचा धाकटीकडे.

साच्याचं झाकण जड होतं आणि दांडा अडेलतट्टू. पहिल्या वर्षी धाकटीचा खांदा नुसता दुखला. मग हात वर जाईना. डोक्यावरचं वस्त्र बसवायचं तर ती भिंतीला कोपर टेकवून हात इंचाइंचाने वर सरकवी. क्रूसाची खूण करताना बोटं कपाळापर्यंत पोचत नसत, म्हणून ती कपाळच बोटांकडे खाली आणी. बघणाऱ्याला वाटे, केवढी ही नम्रता! मदरनी एकदा इतरांना सांगितलंही की, शिकायचं तर धाकटीकडून शिका.

आता कुणीही विचारील की, बाई, एवढं होतं तर सांगायचं होतंस. तर तिथेच मेख होती. या मठाचा एक नियम होता, आणि तो मठाच्या छपरापेक्षा मजबूत होता: स्वतःसाठी काही मागायचं नाही. शेजारणीसाठी मागायचं. मठ काढणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की, प्रत्येकीने शेजारणीची काळजी केली तर कुणालाच काही कमी पडणार नाही. हिशेब बिनचूक होता. फक्त शेजारीण हुशार पाहिजे. जेवताना सूप अळणी लागलं तर मीठ मागायचं नाही. शेजारणीकडे बघत राहायचं. तिच्या लक्षात आलं तर ती म्हणणार, ‘माझ्या शेजारणीला मीठ द्या.’ नाही आलं तर अळणी सूप ही देवाची इच्छा. त्या मठात आशा म्हणजे काय हे प्रत्येकजणी सूप पिताना शिकत असे.

धाकटीची शेजारीण थोरली. जेवताना शेजारी, कामावर शेजारी, चॅपलमध्ये शेजारी. म्हणजे धाकटीच्या खांद्याची किल्ली थोरलीकडे होती. धाकटीने काय काय करून पाहिलं! ती थोरलीसमोर खांदा दाबी. दांडा उचलताना कण्हे. उचलताना कळ अशी जायची की डोळ्यांतून आपोआप पाणी येई. तेही ती पुशीत नसे, म्हटलं, दिसू दे. थोरली कापता कापता मान वर करून बघे, बघतच राही, आणि मग आदराने नजर खाली घेई. संपलं.

धाकटीची ताई भेटीच्या खोलीत येई तेव्हा हे ऐकून तिचा संताप होई.

“अगं, तोंड दिलंय ना देवाने? का तेही इथे जमा करून घेतलंन?”

“तोंड आहे, ताई. नियमही आहे.”

“मग मी सांगते त्या तुमच्या मदरना. बोलव. आत्ताच्या आत्ता बोलव!”

“मी तुला सांगायचं आणि तू त्यांना सांगायचं, म्हणजे मीच मागितल्यासारखं झालं. त्याला इथे चोरवाट म्हणतात.”

“आणि खांदा निखळून हातात आला, तर त्याला काय म्हणतात?”

“तोवर थोरलीच्या लक्षात येईल.”

“इतक्या वर्षांत नाही आलं ते? आंधळी आहे का ती?”

“नाही गं. चष्मा आहे तिला. छान दिसतं.”

ताईने कपाळावर हात मारला. तिचा हात सहज कपाळापर्यंत गेला, हे धाकटीने हेव्याने पाहिलं आणि पुढच्या कबुलीजबाबात फादरना सांगितलं.

प्रार्थना चालूच होती. आधी धाकटी म्हणायची, खांदा बरा कर. मग म्हणायला लागली, थोरलीच्या लक्षात येऊ दे. मग म्हणाली, निदान हे सगळं कशासाठी, एवढं तरी कळू दे. कुठूनच उत्तर आलं नाही. शेवटी तिने काही म्हणणंच सोडलं. ती चॅपलमध्ये जाई, गुडघे टेकी आणि हजेरी लावल्यासारखी बसे. समोरच्या क्रूसावरच्या माणसाचेही दोन्ही हात वर होते. त्याचेही खांदे धरले असणार, एवढाच विचार तिच्या मनात येई, आणि त्यात भक्ती किती नि हाडवैद्याची चौकशी किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात थोरलीने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि दाराबाहेर मदरपाशी मान हलवली. बॅग घ्यायला पुन्हा आत आले तेव्हा उशाशी उभ्या असलेल्या धाकटीला म्हणाले, “तुम्ही बऱ्या आहात ना?”

“हो,” धाकटी सवयीने म्हणाली, आणि डॉक्टर गेल्यावर स्वतःवरच चिडली.

पण त्याच दिवशी, कितीतरी वर्षांनी, तिच्या मनात आशेने डोकं वर काढलं. कारण नियमाला एक शेपूट होतं. जाणाऱ्या सिस्टरला शेजारणीसाठी एक शेवटचं मागणं मागता येई. मदरनी ‘मागितलं, दिलं’ म्हटलं की ते पक्कं. पुढे कुठल्याही मदरला ते फिरवता येत नसे. अशाच एका मागण्यापायी स्वयंपाकघरातल्या सिस्टरला रोज दुपारी झोपायची सूट मिळाली होती, आणि ती सूट ती जिवापाड पाळत होती.

थोरलीची शुश्रूषा धाकटीकडेच होती. ती डाव्या हाताने उशी सरळ करी आणि उजवा हात मुद्दाम लटकता ठेवी. चमचा भरवताना हात थरथरू देई. लोचटपणा होता तो, तिला कळत होतं. मरणाऱ्या बाईपुढे खांदा नाचवायचा म्हणजे काय? पण बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे काडीच बुडायला निघालेली.

एका दुपारी थोरलीला जरा हुशारी आली.

“धाकटे, काय मागायचं ते मी ठरवलंय हो तुझ्यासाठी.”

धाकटीने हातातला पेला खाली ठेवला. “काय, सिस्टर?”

“विचारायचं काय त्यात? डोळे नाहीत का मला? एवढी वर्षं बघतेय.”

धाकटीला एकदम हुंदका आला. बघितलं होतं! म्हणजे सगळं बघितलं होतं! ती खाटेशेजारी खालीच बसली.

“तुला एक सांगते,” थोरली म्हणाली, “कुणाजवळ बोलू नकोस. मला कधी काही वाटलंच नाही गं.”

“कशाबद्दल?”

“देवाबद्दल. पहिली काही वर्षं वाटलं असेल, मग नाहीच. चॅपलमध्ये गुडघे टेकले की मला फक्त गुडघे जाणवायचे. म्हटलं, उगाच आलो आपण. पण परत कुठे जाणार? आई-बाप गेले, भाऊ विचारीना. दोनदा पिशवी भरून ठेवली होती मी.”

“तुम्ही?”

“मीच. मग तुला साच्यावर बसवलं. कापता कापता मी तुझ्याकडे बघायची. तू दांडा उचलायचीस, आणि तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ओठ हलायचे. म्हटलं, हिला दिसतोय तो. मला नाही तर नाही, हिला दिसतोय ना? म्हणजे आहे. त्यावर निभावलं मी, धाकटे. पिशवी रिकामी केली.”

ओठ हलत हे खरं होतं. धाकटीच्या वडिलांचं गॅरेज होतं; तिथे लहानपणी कानावर पडलेल्या शिव्या ती साच्याला देत असे.

“मदर तर तुला बागेत घालायला निघाल्या होत्या,” थोरली पुढे म्हणाली. “मी आडवी पडले. म्हटलं, तिच्या तोंडचा घास काढू नका. त्यानंतर दरवर्षी, कामं वाटायच्या वेळी, मी मदरना गुपचूप भेटून तुझ्यासाठी हेच मागत आले. आता शेवटचंही तेच मागते. मग तुला तिथून कुणी हलवणार नाही.”

बागेत. बागेत झारी होती, आणि झारी डाव्या हाताने उचलता येते.

अजून वेळ होता. मदर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर येणार होत्या. एकच वाक्य पुरलं असतं: सिस्टर, माझा खांदा दुखत होता. पाच शब्द. त्यात मागणं नव्हतं, नुसती माहिती होती. नियमही मोडला नसता; इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं, ते आत्ता सुचलं. धाकटीने तोंड उघडलं.

थोरली तिच्याकडे बघत होती. चष्मा काढलेला, डोळे खोल गेलेले. सूप अळणी लागल्यावर शेजारणीकडे बघतात, तसं बघत होती.

“खोटं नव्हतं ना गं ते?” तिने विचारलं.

बाहेर कुणीतरी बादली सरकवली.

“रडणं अगदी खरं होतं, सिस्टर,” ती म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले.

प्रार्थनेनंतर मदर आल्या. मेणबत्ती लावली, बाकीच्या दोघी दाराशी उभ्या राहिल्या. मदरनी रीतीप्रमाणे विचारलं, “सिस्टर, शेजारणीसाठी काय मागणं आहे?”

“धाकटीला साच्यावरून कधी हलवू नका,” थोरली म्हणाली. “ती असेतोवर.”

“मागितलं, दिलं,” मदर म्हणाल्या. धाकटीचे डोळे भरून आले. सगळ्यांनी ते पाहिलं आणि आदराने नजरा खाली घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गेली. चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मदर म्हणाल्या, “बघ, शेवटपर्यंत आशा सोडली नाही हिने.”

“नाही सोडली,” धाकटी म्हणाली.

ताई येऊन गेली. तिला सगळं कळलं. नुसती धाकटीचा हात धरून बसली, आणि नेमका उजवा धरला.

खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. धाकटी सकाळभर साचा चालवी आणि दुपारी स्वतःच कापायला बसे. दांडा उचलला की कळ जाई, पाणी येई, तापलेल्या साच्यावर पडून चरचरे. मान वर करून बघणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ते रडणं एका माणसाला पुरलं होतं, आणि हे तिला नेमकं तो माणूस जाताना कळलं. आता ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. तिने चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकले आणि क्रूसाकडे पाहिलं. थोरलीसारखे तिलाही फक्त गुडघेच जाणवले.

महिन्याभरात साचा तापवणारी विजेची कॉइल जळाली. त्या बनावटीचे भाग आता मिळत नाहीत, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. चकत्या हल्ली एका कारखान्यातून पाकिटात येतात, आणि त्या जास्त गोल असतात.

पण दिलेलं मागणं फिरवता येत नाही. म्हणून साचा जागेवरच आहे आणि धाकटीही. गंजू नये म्हणून ती तो रोज आतून पुसते. आतून पुसायला दांडा उचलावा लागतो.